सणाची गोळी आणि आमच्या डॉक्टरअम्मा

डॉ. सुमतीबाईंच्या दवाखान्यात मी नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांनी माझी पदवी पाहिलीच नाही. "गर्भाशयाचें अस्तर जाड झालें, हें खेड्यांतल्या बाईस कसें सांगशील?" एवढेच विचारले. मी जडजड शब्दांत उत्तर दिले. बाई हसल्या. "असें सांगितलेंस तर ती पुढची बस धरून आपल्या गांवीं ओरत्तनाडूस परत जाईल," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितले.

तंजावुरात तेव्हा घरोघरी केबल टीव्ही येत होता, नवी इस्पितळे उघडत होती, आणि या दुखण्यावर गर्भाशय काढण्याचा सल्ला सर्रास मिळे. माझ्या वहिनीलाही तोच मिळाला. तिला अजून मूल नव्हते; रक्तस्रावाने ती पांढरीफटक पडली होती. बाईंनी अस्तराचा तुकडा तपासून घेतला. कर्करोगाची चिन्हे नव्हती. "काढायचें कशास? हॉर्मोनच्या गोळ्यांनीं उतरेल. मात्र नेमानें घ्यायच्या आणि पुन्हा तपासायचें," असे त्यांनी ठणकावून सांगितले.

गोळ्यांनी रक्तस्राव थांबला, आणि माझ्या आईने गोळ्याच थांबवल्या! सणासुदीला, लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला आमच्या बायका तीच गोळी घेत. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न पार पडले, आता गोळीचे काय काम, असे आईला वाटले. रक्तस्राव पुन्हा उसळला. घाबरून आईने ऑपरेशनचा दिवसही ठरवला. वहिनीच्या डोळ्यांचे पाणी खळेना.

बाई स्वतः घरी आल्या. त्या रागावतील म्हणून मी धास्तावले होते, पण त्या आईशेजारी जमिनीवरच बसल्या.

"अक्का, धाकटीचें कल्याणम् झालें म्हणून सुनेची मात्रै, ही गोळी, सोडविलांत नव्हे? गोळी तीच, काम वेगळें. दुधावर साय धरावी तसें आंत अस्तर साचलें आहे. तें उतरेपर्यंत सोडायची नाहीं."

"नाहीं उतरलें तर?"

"तर मींच काढतें. पण आधीं मज पुरी संधी द्या."

आईने उठून स्वतःच्या हाताने वहिनीला गोळी दिली.

नंतरच्या तपासणीत अस्तर निरोगी निघाले. तेव्हापासून बाई पेशंटबरोबर तिच्या सासूलाही आत बोलावतात आणि दोघींना समजल्याशिवाय औषध लिहीत नाहीत. त्यांच्याकडून मी शिकले त्यातले हे सर्वांत मोलाचे.

वहिनीची मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली. बाईंच्या साठीनिमित्त लिहिते आहे म्हटल्यावर आईने बजावले, "ह्या पोरीचें बाळंतपणही डॉक्टरअम्मांनींच करायचें आहे. तोंवर ठणठणीत राहा म्हणावें, आणि मजही त्यांनीं आंत बोलवावें."