पदरातली कवळी

दहा फेब्रुवारी. गंगाखेडच्या माझ्या दवाखान्यात अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्रात, लावत होते. पोखर्णीच्या सखुबाई आल्या. महिन्यापूर्वी मी त्यांना कवळी बसवली होती.

"खाली थोडी टोचायलीय, ताई."

"नवी आहे. ॲडजस्ट होईल," मी पाठमोरीच म्हणाले.

हा शब्द मी दिवसभर वापरते. बाकावर जागा नाही, ॲडजस्ट करा. अपॉइंटमेंट पुढे गेली, ॲडजस्ट करा. असिस्टंटला सुट्टी हवी, या वेळी ॲडजस्ट कर. खरं तर कवळी टोचत असेल तर तोंड उघडून बघायचं असतं. हिरडीवर वळ दिसतो. कवळीचा तेवढाच भाग घासायचा. फार वेळ लागत नाही. पण बाहेर गर्दी होती.

सखुबाईंनी पिशवीतून नातीची लग्नपत्रिका काढली. "जेवायलाच या. तुमच्या दातानं पुरी खाणार हाय मी."

लग्नाला गेले. पंगतीत त्यांच्या शेजारीच बसले. त्या वरणात भात कालवून पदराआड नुसताच गिळत होत्या. पुरी पानात तशीच.

"कवळी कुठाय?"

त्यांनी पदराची गाठ दाखवली. पलीकडून त्यांची जाऊ हसली. "डॉक्टरीणबाई, हिचे दात तुमच्या दारात तोंडात आन् बाहेर आलं की पदरात!"

"गप गं!" सखुबाई घाईनं म्हणाल्या. "दात लय चांगले हायत. माझंच तोंड वंगाळ. ताईंनी सांगितलंय, ॲडजस्ट करा. करायलेय की मी."

बायका हसल्या. भर पंगतीत सखुबाई माझी बाजू सांभाळत होत्या आणि मी त्यांचं तोंड उघडूनही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना न उघडता घासायचं छोटं यंत्र घेऊन पोखर्णीला गेले. मांडव सोडायचं काम चाललं होतं. ओसरीवर उजेडात सखुबाईंचं तोंड पाहिलं. खालची हिरडी चांगलीच सोलवटली होती. कवळी घासली, पुन्हा बसवली.

"आता?"

"लय ब्येस."

हे उत्तर पेशंट बरेचदा डॉक्टरला बरं वाटावं म्हणून देतात. मी कालची पुरी मागवली. "खा माझ्यासमोर."

दुसऱ्याच घासाला त्यांचा डोळा बारीक झाला. मी हात पुढे केला, कवळी घेतली आणि परत घासायला बसले.