मागून येणारं ‘आहेऽऽ!’

‘आवडत्या ठिकाणी गेला, भाग्यवान’ अशी कमेंट आज कोणी टाकलीत तर मी डिलीट करणार. आधीच सांगते.

सुहास घाडीची आवडती जागा म्हणजे दिंडोशीच्या घरातल्या सोफ्याचं डावं टोक. पंखा थेट डोक्यावर, हातात चहा. डोंगर त्याला आवडायचा, पण मरण्याइतका नाही.

आज वर्ष झालं.

आमचा कॉलनीतला ट्रेकचा ग्रुप. सगळी पंचेचाळिशीच्या आसपासची मंडळी, अर्ध्यांचे गुडघे कुरकुरायला लागलेले. सुहास मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. शनिवारी डबल ड्युटी करून रविवारी पहाटे सगळ्यांच्या आधी गेटवर हजर.

आणि डोंगरावर सगळ्यांच्या मागे.

ते काम त्याने स्वतःहून घेतलं होतं. कोणी दमलं, कोणाचा बूट फाटला, कोणी घाबरलं की हा तिथे.

मी पहिल्याच ट्रेकला कातळावर अडकून रडायला लागले, तेव्हा खाली तोच उभा होता.

"रडून घे गो. गड खंय पळान जावचो नाय."

"आणि मी पडले तर?"

"माझ्यावरच पडशील ना? मग ओरडेन मी. तू कशाला रडतेस?"

रडता रडता हसले आणि चढले.

आमची एक पद्धत होती. वळण आलं की सगळ्यात पुढचा ओरडायचा, "सुहाऽऽस?" मागून उत्तर यायचं, "आहेऽऽ!"

ते ऐकलं की आम्ही बिनधास्त पुढे. मागचे सगळे येतायत, सगळं झकास.

त्या रविवारी उतरतानाही आम्ही हाका मारल्या. प्रत्येक वळणावर "आहेऽऽ!" आलं. जरा लांबून येत होतं, पण येत होतं. आम्ही गप्पा मारत उतरलो. पायथ्याच्या टपरीवर त्याचाही चहा सांगितला.

तो चहा गार झाला.

हाक मारली. उत्तर नाही.

धावत परत वर गेलो तर तो वाटेच्या कडेला झाडाला टेकून बसलेला. सॅक काढून बाजूला नीट ठेवली होती. गावातल्या लोकांनी चादरीची झोळी करून खाली आणलं, पण तो आधीच गेला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्रास बराच वेळ होत असणार.

बराच वेळ.

म्हणजे छातीत कळा येत असताना हा माणूस आम्हाला "आहे" म्हणत होता. आणि आम्हीही तेवढंच विचारत होतो.

त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको मेघना एकच प्रश्न विचारत होती.

"सगळ्यांच्या मागे तो. मग त्याच्या मागे कोण होतं?"

शेवटी एकजण पुटपुटला, "वहिनी, तो प्रत्येक वेळी आहे म्हणाला हो."

ती हळूच म्हणाली, "घरी पण आठवडाभर तेच. काय नाय गं, ॲसिडिटी आहे."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

मला त्याचा राग येतो. अजून येतो. दुसऱ्यांच्या सॅक उचलणाऱ्याला स्वतःसाठी एकदा "थांबा" म्हणता येऊ नये? हा कसला हट्ट?

आमचाही राग येतो. ‘डोंगर खूप काही शिकवतो’ असं आम्ही फोटोखाली लिहायचो. काय डोंबल शिकलो? आवाज आला म्हणजे माणूस बरा आहे, असं धरून चालायला शिकलो. घरी, ऑफिसात, फोनवरही तेच. "कसा आहेस?" "मजेत." झालं, चला पुढे.

ग्रुप जवळजवळ बंदच पडला होता. गेल्या रविवारी परत निघालो ते मेघनामुळे.

"मला ती वाट बघायचीय," म्हणाली. आयुष्यात कधी गड चढलेली नाही. मी तिच्यासोबत सगळ्यात मागे राहिले.

त्या झाडापाशी ती थांबली. खोडाला हात लावला आणि पुढे निघाली.

थोडं वर गेलो आणि पुढून कोणीतरी सवयीने ओरडलं, "सुहाऽऽस?"

ओरडल्यावर त्याचं त्यालाच कळलं. अख्ख्या रांगेने मागे वळून पाहिलं.

मेघनाने कपाळावरचा घाम पुसला आणि जोरात ओरडली,

"मी आहेऽऽ! पण पाय खूप दुखतायत. थांबाऽऽ!"

सगळे थांबले. नुसते थांबले नाहीत, उतरून खाली आले. तिथेच वाटेत बसलो सगळे, तिच्याभोवती. डबे उघडले. गडमाथा त्या दिवशी राहूनच गेला.

एवढंच ओरडायचं होतं रे, सुहास.

थांबलो असतो आम्ही.

भावपूर्ण वगैरे लिहायला जमत नाही मला. तुझी खूप आठवण येते. सावकाश जा.