रुतलेलं काढायची घाई

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि मी तिच्या उजव्या हाताला विळी घेऊन बसायचे. अठरा वर्षं बसले. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, भांडणं, रुसवे काढणं तिच्याकडे, कापणं माझ्याकडे. शेंगटी साफ करताना काटा मला हमखास लागायचा. तो काटा विषारी. आत राहिला तर हात टम्म सुजतो आणि ठणका काखेपर्यंत चढतो, म्हणून रुतला की तत्क्षणी काढायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. मी न बघता हात डावीकडे करायचे. आई दातांनी काटा उपसायची, थुंकायची, जखमेवर फुंकर घालायची आणि म्हणायची, "गेलो गो बाय काटो, गेलो." मी चाळिशी गाठली तरी तेच.

चैत्रात ती गेली. चार दिवसांचा ताप काय आला आणि आटोपलंच सगळं. मी रडले नाही. बायका पाठीवरून हात फिरवत होत्या, मी चहात साखर किती घालायची ते विचारत होते.

आमच्या बाजारात एक रीत आहे. विकणारी बाई गेली की तिची माशांची पाटी तिच्या जागेवर उपडी घालून ठेवतात. तिथे कोणी बसत नाही, लेकीसुनेची वाट बघतात. पण नारळी पौर्णिमेपर्यंतच. होड्या पुन्हा पाण्यात गेल्या की जागा जी मागेल तिची. आणि मागणाऱ्या होत्या की! आईची जागा म्हणजे दारातून आत आल्या आल्या पहिली.

मी तीनदा निघाले. तिन्ही वेळा बाजाराच्या दारात लिलावाचा ओरडा कानावर पडला आणि छातीत जे धडधडायला लागलं, की श्वास मिळेना. पाय गार. रिक्षा करून घरी. तिसऱ्या वेळी आईच्या डाव्या हाताला बसणारी काकी मागून धावत आली. म्हणाली, "असा किती दिस चलतला गो? जागा जातली, आणि मगे माझ्या नावान रडतलंस." मनात म्हटलं, रडायला आलं तर हवंच आहे!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिंतेची आणि उदासीची गोळी लिहून दिली. तेवढ्यावर काकीचं समाधान होईना. दर बुधवारी कुडाळहून एक डॉक्टरीण येते, चिनी पद्धतीने सुया टोचते, काकीचा गुडघा तिने बरा केलेला. मी म्हटलं, "चायनाचो मोबाइल आठ दिस टिकाक नाय, सुई काय करतली?" काकीने मला हाताला धरून तिच्या दवाखान्याचा जिना चढवला.

डॉक्टरीण माझ्याहून लहान. तिने जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून कितीतरी वेळ नाडी बघितली. "चिनी वैद्यकात म्हणतात, दुःख फुप्फुसात राहतं," ती म्हणाली. "तुमचा श्वास वरच्या वर चाललाय, ताई. गोळी मात्र चालूच ठेवायची, माझ्यामुळे बंद करायची नाही." मग कपाळावर एक, मनगटांवर, अंगठ्याच्या बेचक्यात, पावलांवर अशा केसासारख्या सुया टोचल्या. दुखलं म्हणावं तर मुंगी चावल्याएवढं. "वीस मिनिटं शांत पडून राहा," म्हणून ती पडद्यापलीकडे गेली.

ती परत आली तेव्हा सगळ्या सुया स्टीलच्या ताटलीत होत्या. टोकं एका बाजूला, पाटीत बांगडे लावतात तशा.

"हे कोणी केलं?"

"मी. अंगात रुतलेलं ठेवायचं कसं?"

मला वाटलं आता ही मला हाकलणार. ती हसत सुटली. हसणं थांबल्यावर स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "काटा रुतला की कोण काढायचं तुमचा?"

"आई," मी म्हटलं. आई गेल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघालाच नव्हता. तरी रडू काही आलं नाही.

त्यानंतर दर बुधवारी ती माझ्या उशाशी बसून राहायची. सुई राहू द्यायला मला अशी माणसाची सोबत लागत होती, लहान मुलासारखी! वीस मिनिटांनी ती एकेक सुई काढायची आणि कापूस दाबायची. अगदी हलका हात. पण प्रत्येक सुईला माझे कान टवकारलेले असायचे. सुई निघायची आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. त्या बिचारीला मी काय सांगणार?

झोप यायला लागली. धडधड कमी झाली. सुयांनी, गोळीने, की नुसते दिवस गेल्याने, देव जाणे. पण आई हवी होती, त्यावर कुणाकडेच काही नव्हतं.

नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरला त्या पहिल्या सकाळी, जागा मागणाऱ्यांच्या आधी, मी गेले. दारात छाती धडधडली. मी मनगटावर, डॉक्टरणीने दाखवलेल्या जागी, अंगठा दाबून उभी राहिले आणि मग आत शिरले. काकीने पाटी उलटून सुलटी केली. मी आईच्या जागेवर बसले. भाव मीच सांगायचा, कापायचंही मीच.

तिसरंच गिऱ्हाईक शेंगटी निवडून समोर बसलं. आणि लागला की काटा, नेमका अंगठ्याच्या बेचक्यात. मी न बघता हात डावीकडे केला.

काकीने तो धरला, दातांनी काटा उपसला, थुंकला आणि आपल्या कोलंबीकडे वळली. माझा हात तसाच पुढे.

"निघालो मा गो! आता हात कित्याक धरून ऱ्हवलंस?"

"आई फुंकर घाली गो," मी म्हटलं.

काकीने कोलंबी खाली ठेवली. मग खाली वाकून तिने फुंकर घातली, आणि मी त्यातलं काही सांगितलं नसताना, पोराला म्हणतात तसं म्हणाली, "गेलो हां, गेलो."

भर बाजारात मी हंबरडा फोडला. समोरचं गिऱ्हाईक घाबरून उठायला लागलं, तसा मी त्याचा हात पकडला आणि रडत रडतच त्याला भाव सांगितला.