अनलिमिटेड थाळी आणि मामांचं 'नको'

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ नवीन हॉटेल निघालं, तेव्हा त्याच्या तोंडावर इतके फ्लेक्स लागले होते की दार सापडायला आम्हाला दोन चकरा माराव्या लागल्या. एकावर लिहिलं होतं, 'ज्येष्ठांना थाळी मोफत'. दुसऱ्यावर, 'अनलिमिटेड, पोटभर, मनभर'. तिसऱ्यावर एक फेटेवाला मिशाळ गृहस्थ बोट रोखून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'तुम्हीच ते भाग्यवान'. मी बायकोला म्हटलं, बघ, यानं मला ओळखलं. ती हसली नाही. तिचं सगळं लक्ष मागून सावकाश चालत येणाऱ्या मामांकडं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं. तिथं त्यांचं किराणा दुकान. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी आणि उधारीवाला आला की दोन्ही. उन्हाळ्यात सासूबाई गेल्या आणि बायकोनं त्यांना सोलापूरला आमच्याकडं आणलं. त्या दिवसापासून मामांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, कशात काही सापडलं नाही. शर्ट मात्र अंगावर असा लोंबायला लागला की तो दुसऱ्या कुणाचा तरी मागून आणलाय असं वाटावं.

मामांचं रोज एकच टुमणं होतं, मला गावी सोडा, दुकान उघडायचंय. बायकोचं उत्तरही ठरलेलं, एक वेळ माझ्यासमोर पोटभर जेवून दाखवा, मग खुशाल जा. हा खटला आमच्या स्वयंपाकघरात रोज दोन वेळा चालायचा आणि तारखेवर तारीख पडायची. मी दोन्ही बाजूंचा वकील होतो. दोन्हीकडून फी म्हणून मला फक्त रागाचा कटाक्ष मिळायचा.

शेवटी हॉटेलची कल्पना मीच काढली. घरचं नको झालं असेल, बाहेरचं चालेल, असा माझा साधा हिशेब. मामांनी उभ्या आयुष्यात स्टँडवरच्या चहापलीकडं हॉटेल पाहिलं नव्हतं. मी फ्लेक्सवरचं 'मोफत' त्यांना मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं, तर त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. म्हणाले, फुकट कोण देतंय, जुना माल खपवायचा असंल. पण मग त्यांनी लेकीला विचारलं, तितं पोटभर जेवलो तर सोडशील का? ती म्हणाली, सोडते. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, कपाळाला विभूती ओढली आणि परीक्षेला निघाल्यासारखे निघाले.

दारात एक मुलगी हातात मोबाइलचा मोठा भाऊ घेऊन उभी होती. तिनं आधी एका चौकोनाचा फोटो काढायला लावला. माझ्या फोनवर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि अक्षरं आली, 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात'. काय जिंकलो ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. बायकोनं त्याच चौकोनाचा फोटो काढला तर तिला आलं, 'क्षमस्व, पुन्हा प्रयत्न करा'. एकाच दारातून नवराबायको आत जात होतो, एक जिंकून आणि एक हरून.

मी विचारलं, ज्येष्ठांचं काय? मुलगी म्हणाली, ज्येष्ठांचा स्वतःचा मोबाइल नंबर लागतो, त्यावर आकडा येतो. मामांकडं मोबाइल नाही. मी आधार कार्ड काढलं. तिनं कार्ड पाहिलं, मामांचे पांढरे केस पाहिले, काठी पाहिली आणि अगदी मनापासून कबूल केलं की आजोबा ज्येष्ठ दिसतायत. पण सिस्टीमला ते दिसत नव्हते. मग मी जिंकलेल्या गोष्टीचं विचारलं. ते कूपन होतं, पुढच्या वेळेचं आणि ते बार्शीच्या शाखेत चालणार होतं. बार्शीची शाखा अजून उघडायची होती. मी बार्शीचाच. मला क्षणभर वाटलं, ही सगळी योजना मला माहेरी परत पाठवायची असावी.

मामा शांतपणे हे पाहत होते. जाताजाता एवढंच म्हणाले, "दुकान बरं चाललंय ह्यांचं. माल न्हाय आन् गिऱ्हाईक हाय."

आत गारठा होता आणि चकचकाट होता. आमच्यापुढं परातीएवढी ताटं आली, त्यात वाट्यांची रांग. मग वाढप्यांची वरात सुरू झाली. एक भाजीचं नाव घ्यायचा, एक आमटीचं, एक भाकरीचं आणि तुम्ही मान हलवायच्या आत पुढच्या टेबलावर असायचा. ही मंडळी लांबच्या मुलखातली, हिंदी बोलणारी, पायाला चाकं लावल्यासारखी. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं पडलं. भरलं वांगं, पातळ भाजी, शेंगाची चटणी, कडक भाकरीचा तुकडा, गव्हाची हुग्गी म्हणजे आमच्याकडची खीर. मामांनी ताटाला हात जोडले आणि जेवायला लागले.

दुसरी फेरी आली आणि माझी योजना तिथंच झोपली.

वाढप्यानं विचारलं, "भाकरी?" मामा म्हणाले, "नको." वाढपी म्हणाला, "ओके." आणि गेला. मामांनी मान वर केली, तर तिथं कुणीच नव्हतं. मग भाजीवाला आला. "नको." तोही गेला. आमटीवाला. "साकु, साकु," मामांनी कन्नडमधून पुरे म्हटलं. तो तर आधीच पाठमोरा झाला होता.

आता आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पहिलं नको हे जेवणाराचं नसतंच, ते रीतीचं असतं. दुसऱ्या नकोला वाढणाऱ्यानं वाकायचं असतं. तिसऱ्या नकोला तुमच्या बोटांच्या फटीतून भाकरी ताटात पडते आणि मग तुम्ही, काय हे, असं म्हणून ती आनंदानं खाता. पहिल्याच नकोला निघून जाणारा वाढपी मामांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना तो अपमान वाटला नाही. ते गोंधळले. दर वेळी नको म्हणायचे आणि थोडा वेळ वाट पाहायचे, जिना उतरताना शेवटची पायरी सापडू नये तसे.

अशा रीतीनं अनलिमिटेड हॉटेलात बसून मामा अर्धी भाकरी जेवले. बायकोचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू फ्लेक्स मीच छापले होते.

मामांनी मग ते केलं जे ते रोज करतात. लिंगायत घरातली जुनी माणसं ताटात अन्नाचा कण ठेवत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं सगळं निपटून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आमच्या घरी ही चाल आजोबांबरोबर गेली. मामांनी ती सोडलेली नाही. त्यांनी वाट्या धुतल्या, ताट धुतलं, पाणी प्याले आणि वाट्या पुन्हा होत्या तशा ओळीत मांडून ठेवल्या. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघत राहिली. मामांना त्याचं काही नव्हतं.

तेवढ्यात वाढप्यांची पाळी बदलली. नवा गडी आला, त्यानं मामांपुढचं ताट पाहिलं. लख्ख, ओलं, वाट्या ओळीत. हॉटेलात नुकतंच मांडलेलं ताट असंच ओलं असतं. त्याचा चेहरा एकदम शरमिंदा झाला. "अरे, बाबूजी को किसीने पूछा ही नहीं," असं तो मागं वळून ओरडला आणि पुढच्या मिनिटाला सगळी वरात आमच्या टेबलावर. कुणी काही विचारलं नाही. भाकरी पडली, वांगं पडलं, आमटी पडली, हुग्गी पडली. उशीर झाल्याच्या भरपाईत तूप जरा जास्तच.

खुलासा करायला मी तोंड उघडलं. टेबलाखाली बायकोनं माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. तिचं वजन मला माहीत होतं, पण त्यात एवढा अर्थ असतो हे नव्हतं माहीत. मी तोंड मिटलं.

मामांनी भरलेल्या ताटाकडं पाहिलं. एकदा माझ्याकडं, एकदा लेकीकडं. आम्ही दोघं भिंतीवरचं चित्र बघण्यात गढलो. मग त्यांनी पुन्हा हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली. ताटात पडलेलं टाकायचं नसतं. सावकाश, न बोलता, सगळंच्या सगळं. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता आणि बायको तो कान देऊन ऐकत होती. कितीतरी महिन्यांनी तिनं तो ऐकला असेल.

संपल्यावर मामांनी ताटात पाणी घातलं. मी घाईनं त्या गड्याकडं पाहिलं. त्यांनी ताट धुतलं, प्याले, वाट्या मांडल्या आणि तोच गडी लांबून पुन्हा आमच्याकडं यायला लागला. पण त्याच्या आधी टाय लावलेला मॅनेजर पोचला. त्याच्या हातात चिठ्ठी होती आणि कपाळावर आठ्या.

"सर, या टेबलावर माणसं किती आहेत?"

"तीन."

"आतून चार थाळ्या गेल्यात की." त्यानं खाली वाकून टेबलाखाली पाहिलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. "चौथे पाहुणे कुठं गेले?"

मी म्हणालो, चौथं कुणी नाही. तो म्हणाला, ताट तर आहे, कोरं आहे, म्हणजे ते अजून जेवायचेत. मी म्हणालो, ते ताट कोरं नाही, ते संपलेलं आहे. त्यानं ताट उचलून उजेडात धरलं. मग एकदम त्याचा चेहरा खुलला. चार माणसं असतील तर फॅमिली ऑफर लागते, म्हणाला, फायदा तुमचाच आहे, फक्त फोटोत चौघं दिसायला पाहिजेत. मी त्याला विचारलं, तिघांची चार झाली तर स्वस्त पडतं का? तो म्हणाला, हो, पण चौथा नसेल तर महाग पडतं. त्यालाही ती ऑफर कळली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं आणि त्याच्याबद्दल माया वाटली.

"चवथा मीच," मामा म्हणाले. "दोनदा जेवलो. लिव्हा."

मॅनेजर चिठ्ठी घेऊन गेला, बहुधा कुणाला तरी विचारायला. मामा लेकीकडं वळले.

"सोडणार म्हनली हुतीस."

"वाढलं म्हणून जेवलात, अप्पा. तिथं कोण वाढणार आहे?"

मामांनी टेबलावरचा एक दाणा बोटानं टिपला आणि तोंडात टाकला. "तुजी आई कदी इचारत नव्हती," ते म्हणाले. "तू इचारतीस."

आमच्या घरी रोज दोन्ही वेळा बायको विचारायची, अप्पा, अजून घालू का? मामा म्हणायचे, नको. आणि ती, कामावर जायच्या घाईत, डबा भरता भरता, बरं म्हणून टोपल्यावर झाकण ठेवायची. हे मी रोज पाहिलं होतं. तिलाही ते आत्ता दिसलं असावं, कारण तिनं पदर नीट केला, जो नीटच होता. मला वाटलं, आता ती रडेल. पण ती मामांचीच लेक.

"मग मागायला शिका," ती म्हणाली. "मला मागून दाखवा, मग शुक्रवारी स्टँडवर मीच सोडते."

एका वाढप्याला मामांनी जाऊ दिलं. दुसऱ्यालाही. त्यांनी घसा खाकरला, काठी हातात घेतली, परत ठेवली. दुकानात आयुष्यभर इतरांनी त्यांच्याकडं मागितलं होतं. घरात कधी मागायची वेळ आली नव्हती. तिसरा वाढपी जवळून गेला, तेव्हा त्यांनी एकदम त्याची बाही धरली.

"ताक आणा की वाईच."

नेमका हा मराठी बोलणारा निघाला. "आजोबा, ताक थाळीत येत नाही. वेगळं मागवावं लागतं."

मी डोळे मिटले. माणसानं जन्मात पहिल्यांदा मागावं आणि त्याला हे ऐकायला मिळावं.

पण मामांनी बाही सोडली नव्हती. "मग येगळंच मागतोय की मी," ते म्हणाले.

बायको माझ्याकडं बघून हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू, आणि तेही मला उगीच मिळालं, मी काही केलं नव्हतं. मागं मॅनेजर नवी चिठ्ठी घेऊन आला होता आणि कानाशी सांगत होता की आता ज्येष्ठांचं होईल, पण मग फॅमिलीचं होणार नाही आणि दोन्ही हवं असेल तर पुन्हा दारातून आत यावं लागेल. मी त्याला हातानंच थांबवलं.

ताक आलं. उंच काचेच्या ग्लासात, कडेला पुदिन्याचं पान, आत कागदी नळी. मामांनी पान आणि नळी काढून बाजूला ठेवली, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि लेकीकडं न बघता म्हणाले, "मीठ कमी हाय. मागू का?"

"मला कशाला विचारताय?" ती म्हणाली. "मागा की."