मागून धरणारी

खेळघरात तिला सगळे 'धरणारी' म्हणत. डोळ्यांवर आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट चढला की गिऱ्हाइकाला आपण गगनचुंबी इमारतीबाहेर काढलेल्या फळीवर उभे आहोत असं दिसे. खरी फळी जमिनीपासून वीतभर उंच. तरी भल्याभल्यांची गाळण उडे, आणि हिने मागून कमरेचा पट्टा धरून त्यांना सांभाळायचं. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडत. लोकांनी हौसेने घाबरायचं आणि आपण त्यांना आवरायचं, कसला हा धंदा, असं तिला रोज वाटे.

नवरा उंच इमारतींच्या काचा पुसायचा. एकदा तो उभा असलेल्या टांगत्या पाळण्याचा दोर हातभर सरकला. लागलं काहीच नाही, पण तेव्हापासून हा बाबा स्टुलावरही चढेना. घरात बसून तो चिडका झाला आणि त्याची समजूत काढून काढून ती थकली. शेवटी आपल्या मालकाच्या हातापाया पडली. रोज खेळघर बंद करण्याआधी थोडा वेळ नवऱ्याला फळीवर उभं करायची परवानगी मिळाली.

पहिल्या दिवशी तो घामाने निथळला.

"सोडू नकोस हं."

"मेले तरी सोडत नाही. चला पुढे."

हळूहळू पायांची थरथर थांबली. मग तो टोकाला उभा राहून शीळ घालू लागला, पुढे तर खुशाल उडीही मारू लागला. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

कामावर परत गेला, त्या दिवशी तिला सुट्टी होती; तो दुपारीच घरी आला. बूटही न काढता पलंगावर बसला.

"काय झालं? परत भीती वाटली?"

"छे. अर्धी भिंत पुसून झाली होती. मुकादम ओरडला तेव्हा कळलं, पट्टा दोराला अडकवलाच नव्हता."

"असं कसं विसरलात?"

"विसरलो नाही गं. कमरेला धरल्यासारखं वाटतच होतं. मागे तू होतीस." त्याने कमरेवरून हात फिरवला. "मग मुद्दाम खाली वाकून पाहिलं. तरी काही वाटलं नाही."

रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ही भीती घालवण्यासाठी तिने हाडाची काडं केली होती. आता ती परत कुठून आणायची? शेजारी बसून तिने त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली. उद्या तो पुन्हा वर जाणार होता, आणि ती खेळघरात परक्या माणसांना धरून उभी राहणार होती.