नापसंतीची बेचाळीस पत्रं

सिद्धम्मा बिराजदारांच्या वधूवर सूचक केंद्रातून नकार कधी लेखी जात नसे. पसंती आली की ती वहीत ठसठशीत अक्षरात चढायची. नकार आला तर 'योग नाही' एवढे दोनच शब्द, तेही तोंडी. कारण साधं होतं. वीसेक वर्षांपूर्वी अक्कलकोटकडच्या एका मुलाच्या बापानं पोस्टकार्डावर सरळ 'मुलगी नापसंत' असं लिहून टाकलं. पोस्टकार्डच ते, पोस्टमननं वाचलं, खालच्या किराणावाल्यानं वाचलं, आणि मुलीच्या हातात पडेपर्यंत गल्लीला पाठ झालं. त्या मुलीनं पुढं दोन वर्षं कुणाला फोटो दिला नाही. तेव्हापासून 'नापसंत' हा शब्द केंद्रातून हद्दपार झाला.

केंद्र म्हणजे जोडभावी पेठेतल्या घराची पुढची खोली. सिद्धम्मा आधी एका गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. गिरणी बंद पडली, नवरा आधीच गेलेला. शेजारणीच्या मुलीचा बायोडाटा त्यांनी जुन्या टाइपरायटरवर छापून दिला, तो लोकांना इतका आवडला की महिन्याभरात दारात चपला मावेनात. पुढं फायली झाल्या, पुस्तिका झाल्या, आणि २००९ साली पुतणी काव्यानं कॉलेजात असताना त्यांना एक वेबसाइट करून दिली. दिसायला यथातथाच, पण तिच्यावर चौदाशे स्थळं होती आणि तेराशेनव्याण्णव तरी खरी होती. मोठ्या कंपन्यांच्या साइटींना हे छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

ज्या आईबापांना नेटमधलं काही कळत नव्हतं, त्यांचा ईमेल आणि समाजमाध्यमावरचं खातं सिद्धम्माच उघडून द्यायच्या. अशी त्रेचाळीस खाती होती. दर रविवारी सकाळी चहा झाला की त्या संगणकापुढं बसायच्या, एकेक खातं उघडायच्या आणि कुणाचा निरोप आलाय का ते बघायच्या. पासवर्ड सगळे वहीत. हे सुरक्षित नव्हतं. काव्यानं दहा वेळा सांगितलं होतं आणि सिद्धम्मांनी अकरा वेळा 'बरं' म्हटलं होतं.

२०१५च्या डिसेंबरातल्या एका रविवारी खातं उघडताच वर एक निळी चौकट आली. ठळक मराठीत लिहिलं होतं, 'आपली पसंती कळवा.' खाली बारीक इंग्रजी आणि एक बटण, 'पाठवा.' सिद्धम्मांना वाटलं, चला, या लोकांनी वधूवरांसाठी सोय केली. त्यांनी बटण दाबलं. दुसऱ्या खात्यात तीच चौकट. तिथंही दाबलं. तासाभरात त्रेचाळीस पसंत्या कळवून त्या भाकऱ्या थापायला उठल्या, आणि सकाळ कारणी लागली म्हणून खूशही होत्या.

चार जानेवारीला, सोमवारी, पुण्याहून काव्याचा फोन आला. ती आता तिथं सॉफ्टवेअरमध्ये होती. केंद्राची खाती तिच्या मित्रयादीत होती, तिथं तिला दिसलं होतं की केंद्राच्या यादीतल्या त्रेचाळीस माणसांनी एकाच तासात दिल्लीला पत्रं पाठवलीत. दूरसंचाराचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं लोकांची मतं मागवली होती: काही ठरावीक साइटी फुकट दाखवायच्या आणि बाकीच्यांना पैसे लावायचे, असं कंपन्यांना करू द्यायचं की नाही? त्यावरून महिनाभर देशात रान पेटलं होतं. एक बडी कंपनी गरिबांना फुकट नेट देतो म्हणत होती, आणि तिच्या बाजूची पत्रं त्या निळ्या बटणातून जात होती. नाव, ईमेल सगळ्यासकट.

"काकू, त्या फुकटात लग्नाची साइट आली तर ती एखादी मोठी कंपनी घेऊन येईल," काव्या म्हणाली. "आपली कशाला दाखवतील? आणि तुमची निम्मी माणसं फुकटातलंच बघतील."

सिद्धम्मांना हे समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. असले मध्यस्थ त्यांनी जन्मभर पाहिले होते. मेळाव्याच्या दारात उभं राहायचं, या म्हणायचं, तिकीट नाही म्हणायचं, आणि आत गेल्यावर आपल्या मर्जीतली सहाच स्थळं दाखवायची. बाकीची मुलं-मुली मांडवात असूनही नसल्यासारखी. आणि अशा माणसाला त्यांनी आपल्याच हातानं त्रेचाळीस पसंत्या दिल्या होत्या.

पण खरी भीती पुढंच होती. आलेली सगळी मतं ती संस्था आपल्या साइटवर लावणार होती. कुणीही वाचावं. म्हणजे पुन्हा पोस्टकार्डच की. मुलींच्या बापांची नावं, त्यांनी न दिलेलं मत, आणि ते दिलं कुणी तर ज्यांच्या भरवशावर त्यांनी मुलींचे फोटो ठेवले त्या सिद्धम्मांनी. हे बाहेर फुटलं तर साइट राहो न राहो, केंद्राच्या दारात चप्पल दिसणार नव्हती.

गेलेलं पत्र परत येत नव्हतं. दुसरं पाठवता येत होतं, गुरुवारपर्यंत, सात तारखेला. काव्यानं मजकूर करून दिला: आधीचं पत्र माझ्या संमतीशिवाय गेलं, ते धरू नये, अशी निवड कंपन्यांच्या हाती देणं मला नापसंत आहे. शेवटचा शब्द वाचून सिद्धम्मांनी चष्मा काढला. दुसरा शब्द नाही का, असं विचारलं. काव्या म्हणाली, 'योग नाही' असं दिल्लीला लिहून चालत नाही.

मग पासवर्ड आहेतच, आपण पाठवून मोकळे होऊ, असंही काव्या म्हणाली. सिद्धम्मा तिच्यावर उखडल्या. एकदा न विचारता पसंती गेली, आता न विचारता नापसंती पाठवायची? प्रत्येकाला विचारायचं, आणि आधी चूक कबूल करायची.

तीन दिवस त्या फोनला चिकटून होत्या. बीपीची गोळी दोनदा राहिली. माळशिरसचा एक जण दहा मिनिटं ओरडला आणि अकराव्या मिनिटाला पाठवा म्हणाला. जेऊरच्या सोजरबाईंना नेटचं काही कळलं नाही, पण सिद्धम्मा चुकल्या हे ऐकून त्यांना बरंच बरं वाटलं असावं. कुणी मुलीचा फोटो काढून टाका म्हणालं, मग संध्याकाळी राहू दे म्हणालं. दर होकारानंतर सिद्धम्मा वहीत खूण करायच्या आणि पत्र पाठवायच्या. बुधवारी रात्रीचं जेवण होईपर्यंत बेचाळीस गेली.

राहिला मायाप्पा कोरे. चिंचोळी एमआयडीसीत कामाला. शिफ्टभर फोन लॉकरमध्ये, आणि ते तीन दिवस सुटल्यावरही लागला नाही; घरचा फोन बंद. गुरुवारी दुपारी सिद्धम्मा एसटीनं चिंचोळीला गेल्या आणि कारखान्याच्या गेटवर उन्हात उभ्या राहिल्या. तीनला शिफ्ट सुटली. मायाप्पानं त्यांना लांबूनच पाहिलं आणि डबा सावरत अक्षरशः पळत आला.

"अक्का, तुमी हितं? शिवानीचं जमलं व्हय?"

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. वधूवरवाली बाई स्वतः गेटवर येते ती दुसऱ्या कशासाठी? त्यांनी नाही म्हटलं, आणि त्याचा चेहरा उतरताना बघत सगळं सांगितलं. मेळाव्याच्या दारातला माणूसही सांगितला. मायाप्पानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्या नावानं तुमीच पसंती दिली."

"हो. चुकलं माझं."

"पर फुकट नेट म्हंजे वाईट काय हाय, अक्का? पोरगी भरतीच्या परीक्षेला बसलीया. पॅक संपला की अभ्यास बंद."

"त्या फुकटात परीक्षेची साइट असेलच असं नाही, मायाप्पा. काय दाखवायचं ते कंपनी ठरवणार."

"आता तरी कोण ठरवतंय? पॅक संपला की सगळंच काळं. कायबी न दिसण्यापरीस थोडं दिसलेलं बरं की." तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "तुमची साइट चालावी म्हणून माझ्या पोरीनं अंधारात बसायचं व्हय?"

"साइट माझी आहे, हे खरंच," सिद्धम्मा म्हणाल्या. खोटं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"माझी पसंती ऱ्हाऊ द्या," मायाप्पा म्हणाला. "आता इचारून दिली समजा."

घरी येईतो पाच वाजले. काव्याचे फोनावर फोन. एकच राहिलंय, पासवर्ड वहीत आहे, त्याला कळणारसुद्धा नाही, पाठवा. सिद्धम्मांनी वही उघडली, मायाप्पाच्या नावापुढं ठसठशीत अक्षरात 'पसंती' लिहिलं आणि संगणक बंद केला.

पुढचा महिना जिवाला घोर होता. साइट उघडते का, हे त्या दिवसातून चारदा बघायच्या, जणू दिल्लीहून कुणी येऊन कुलूप लावणार होतं. आठ फेब्रुवारीला निकाल आला: साइट बघून वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. काव्या फोनवर नाचत होती. सिद्धम्मा हुश्श म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि मायाप्पाची शिफ्ट सुटायची वाट बघत बसल्या.

फोन लागला तेव्हा 'योग नाही' हे शब्द आपसूक ओठांवर आले होते. पस्तिशीतल्या मुलांच्या आयांना, काळ्या मुलींच्या बापांना, सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं होतं. योगावर ढकललं की कुणालाच काही उत्तर द्यावं लागत नाही.

"मायाप्पा, ते फुकट नेट नामंजूर झालं," त्या म्हणाल्या. "आम्हीच नको म्हटलं. बेचाळीस जणांनी, लेखी."



"सरळ सांगितलं ते बरं केलं," मायाप्पा म्हणाला. "शिवानीचा फोटो साइटवर हाय न्हवं?"

"आहे की."

"असंल. तिला सोताला कुटं दिसतुय. पॅक संपलाय परवाच."

सिद्धम्मांनी फोन ठेवला. मग संगणकावर बसून शिवानीला जुळतील अशी सहा स्थळं काढली, मग वाटलं सहाच का, आणि शोधून शोधून अकरा केली. सगळी छापली. भरतीच्या परीक्षेचं वेळापत्रक आणि जुन्या प्रश्नपत्रिका कुठं सापडतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. काव्याला फोन करून विचारलं, तीही छापली. गठ्ठा चांगला जाड झाला. त्यांनी मोठं पाकीट घेतलं, वर मायाप्पाचा पत्ता घातला, आणि कडेनं बोट फिरवत ते नीट चिकटवलं, वाटेत कुणाला उघडता येणार नाही असं.