साडूंचा डबा

इंदुरात राहून सकाळच्या पोह्यांना नाही म्हणणारा एकच माणूस देवाने घडवला, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान शहराबाहेर राऊला राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि सध्या पूर्णवेळ शुद्ध खातात. पूर्वीचे साडू असे नव्हते. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची पुडी तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असे. पुण्याला लग्नाला गेले तरी असे. तिथल्या पोह्यांवर ती मोकळी करून "आता कुठे पोहे झाले," असं ते यजमानांना तोंडावर सांगत.

तीनेक वर्षांपूर्वी तपासणीत त्यांची साखर जराशी वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा. साडूंनी बंदच केलं. त्याने बरं वाटलं, तसा त्यांना बंद करण्याचा नाद लागला. मैदा गेला, गहू गेला, दूध गेलं. टोमॅटो कशापायी गेला ते मला अजून कळलेलं नाही. खोदून विचारलं तर म्हणाले, "भिया, तुम्ही जे खाऊन राहिले ना, ते सीधं जहर आहे. मालूम नाही म्हणून बरं चाललंय तुमचं." काकडी ते मिठाच्या पाण्यात घड्याळ लावून बुडवतात. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतात आणि मध्ये कुणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करतात. बड्या गणपतीचा प्रसाद त्यांनी भक्तिभावाने कपाळाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला. तेव्हापासून मी दोघांच्या वाटचं पुण्य खातो आहे. लग्न असो की बारसं, यांच्या बगलेत स्टीलचा डबा, त्यात उकडलेली लौकी, म्हणजे दुधी, आणि भिजवलेले मूग. आम्ही सगळे हसायचो, मी जरा जास्तच. पण मला कोडंही पडायचं. तब्येतीला एवढं जपणारा माणूस दिवसेंदिवस वाळत का चाललाय? त्यांच्या शर्टात आणखी एक साडू सहज मावला असता.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पहिलं केळवण आमच्याकडे होतं. दोन दिवस आधी ती एकटीच घरी आली आणि मान खाली घालून म्हणाली, "काका, एक काम करा ना माझं. केळवणाला बाबा माझ्यासोबत जेवले पाहिजेत. दोन साल झाले, आम्ही एका पंगतीत काही खाल्लं नाही. एक घासपण चालेल."

आम्ही कंबर कसली. बायकोने लाकडी घाण्याचं तेल आणलं, हातसडीचे तांदूळ आणले. मी फोन करून साडूंना सगळ्याची वर्दी दिली. "कढाई लोखंडाची आहे ना?" त्यांनी विचारलं. लोखंडाची होती. अटी पुऱ्या झाल्या म्हणजे माणूस जेवेल असा आमचा हिशेब होता.

साडू आले ते डबा घेऊनच. रांगोळी झाली, औक्षण झालं. मुलीने वरणभाताचा घास कालवून त्यांच्या हातावर ठेवला. "बाबा, एकच." त्यांनी तो ओठांपर्यंत नेला, पण तोंड उघडेना. कपाळावर घाम आला. बत्तीस वेळा चावण्यावरचा एक विनोद माझ्या अगदी जिभेवर होता. तेवढ्यात त्यांनी घास खाली ठेवला आणि हलकेच म्हणाले, "बेटा, नको असं नाही. माझ्याच्याने होतच नाही."

विनोद मी गिळला. दोन वर्षं हा माणूस नको म्हणत होता आणि आम्ही त्याला तोरा समजत होतो. पथ्य मोडणारे आजारी मी पुष्कळ पाहिलेत. पथ्यच आजार होऊन बसतं हे मला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मुलीने त्यांचा डबा ओढला, उघडला आणि स्वतःच्या केळवणाला, नव्या साडीत, उकडलेली लौकी खाल्ली. "मीठ कमी आहे बाबा," म्हणाली आणि डबा दोघांच्या मध्ये ठेवला. तो त्यांनी मिळून संपवला. माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्यानंतर साडू आपणहून मला म्हणाले, "भिया, डॉक्टरकडे चलता का माझ्या संग?" इंदुरातच पलासिया भागात मनाच्या आजारांचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आम्ही जातो. ज्याची भीती वाटते ते आठवड्यातून एकदा थोडं खायचं, असा गृहपाठ आहे. म्हणून साडू दर रविवारी सकाळी आमच्याकडे येतात आणि परीक्षेला बसल्यासारखे पोह्यांपुढे बसतात. कधी चार चमचे होतात, कधी नुसतंच बघणं होतं. मुलगी आता पुण्याला असते. ती फोन करून विचारते, "बाबा, आज किती?" आणि साडू खरा आकडा सांगतात.

गेल्या रविवारी तीन चमचे झाले आणि त्यांचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हात तसाच खाली आला. जिरावनाची पुडी आता मी माझ्या खिशात ठेवतो. अजून त्यांनी मागितलेली नाही.